पुणे स्टेशन, पुरीचा डबा आणि चोवीस तासांचं पाणी



गेल्या आठवड्यात भाचीचा फोन आला. ती, तिचा नवरा आणि सासूबाई शिखरजीला निघालेत. रांचीपर्यंत विमान आणि पुढे गाडी करून जाता येतं, पण सासूबाईंचा हट्ट रेल्वेचाच. "मावशी, एवढ्या लांबच्या प्रवासात त्यांच्यासाठी डब्यात काय काय देऊ? त्या बाहेरचं काही घेत नाहीत. पाणीसुद्धा नाही." मी सवयीने पुऱ्या, लाडू, लाह्या असं सांगायला लागले आणि मधेच थांबले. "तुला उद्या सांगते," म्हटलं.

थांबले, कारण आमच्या घरात गेले काही महिने आजीच्या पाण्याची गोष्ट घोळते आहे. ती तुम्हाला सांगणारच आहे, पण आधी थोडं रेल्वेचं सांगते. माझ्यासारखीच तुम्हालाही शाळेत फक्त १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे एवढंच शिकवलं असेल. पुण्याचं कोणी शिकवत नाही.

पुण्यात आगगाडी आली १८५८ च्या जूनमध्ये. पण ती मुंबईहून थेट आली नाही. रूळ पडले होते खंडाळा ते पुणे. तिकडे मुंबईकडून येणारी गाडी दोन वर्षं आधीच घाटाखाली खोपोलीपर्यंत पोचली होती. मधला बोरघाट मात्र तसाच होता. म्हणजे पुण्याच्या माणसाने गाडीत बसायचं, खंडाळ्याला उतरायचं, पालखीने, तट्टावर किंवा पायी घाट उतरायचा आणि खोपोलीला दुसरी गाडी पकडायची. असं पाच वर्षं चाललं. १८६३ साली घाटातला मार्ग सुरू झाला. साधारण २५ किलोमीटरमध्ये १८३१ फूट चढ. हे काम ज्या कंत्राटदाराकडे होतं तो सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली इथे आल्यावर थोड्याच दिवसांत वारला, आणि त्याची बायको ॲलिस हिने ते कंत्राट स्वतःच्या नावावर चालू ठेवून पुरं करून घेतलं. एके काळी घाटात चाळीस हजारांवर मजूर राबत होते. कॉलऱ्याने आणि अपघातांनी त्यातले हजारो गेले. त्यांची नावं कुठेही नाहीत.

लोणावळ्याच्या गूळदाणीची गोष्ट याच मजुरांशी जोडून सांगतात. त्यांच्यासाठी गूळ-शेंगदाण्याची दाणी विकायला सुरुवात झाली आणि तिचीच पुढे चिक्की झाली म्हणे. खरी असो नसो, मला ती आवडते, कारण मुंबई-पुणे मार्गावरच्या प्रसिद्ध खाण्यातलं आपल्याला चालणारं बहुधा तेवढंच. दुसरं म्हणजे कर्जतचा बटाटेवडा. घाट चढायला मागून जादा इंजिन लावावं लागतं, त्यासाठी गाडी कर्जतला थांबते आणि तेवढ्या थांब्यावर तिथल्या वड्याचं नाव झालं. लहानपणी खिडकीतून तो वास आत यायचा आणि आई आमच्या हातावर खाकऱ्याचा तुकडा ठेवायची. (शेंगदाणा जमिनीखाली येतो तरी तो कंद नाही, बी आहे, म्हणून चालतो. हा प्रश्न दर चातुर्मासात कोणीतरी विचारतंच, म्हणून इथेच उत्तर देऊन टाकते.)

घाट झाला तशी गाडी लांब लांब जायला लागली. १८७० साली जबलपूरला दोन बाजूंचे रूळ जोडले गेले आणि मुंबई-कलकत्ता सलग प्रवास होऊ लागला. पुण्यावरून सोलापूरकडे गेलेला मार्ग १८७१ साली रायचूरला मद्रास रेल्वेला मिळाला. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पुणे ते मिरज मीटर गेज झाली. माझं माहेर त्या बाजूचं.

आता बायकांच्या नजरेने बघा. त्याआधी यात्रा बैलगाडीने होत असे. संध्याकाळ व्हायच्या आत विहिरीजवळ गाड्या सोडायच्या, तीन दगड मांडायचे, पाणी गाळून घ्यायचं, खिचडी टाकायची. प्रवास स्वयंपाकाच्या चालीने चालायचा. शिखरजीला पोचायला महिने लागत, पण एकाही दिवशी नियम मोडायची वेळ येत नसे, कारण कुठे थांबायचं हे आपल्या हातात होतं. आगगाडीने महिन्यांचे दिवस केले, पण थांबायचं ठिकाण आणि वेळ वेळापत्रकाच्या हातात गेली. इंजिन पाणी भरून घेणार तेव्हा तुम्ही पाणी प्यायचं!

सुरुवातीच्या गाड्यांत खाण्याची काही सोयच नव्हती. मोठ्या स्टेशनांवर रिफ्रेशमेंट रूम असायच्या, मेल गाडी तिथे जेवणापुरती थांबायची, साहेब लोक उतरून टेबलावर जेवून परत बसायचे. पुढे काही मेल गाड्यांना जेवणाचा डबाच जोडायला लागले. १ जून १९१२ ला मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरून पेशावरला पहिली पंजाब लिमिटेड निघाली. २४९६ किलोमीटर, ४७ तास. तिच्या थाटाच्या वर्णनात रेस्टॉरंट कार आहे, न्हाणीघर आहे, साहेबांच्या नोकरांसाठी वेगळी जागासुद्धा आहे. गंमत अशी की तेव्हाचे डबे आतून एकमेकांना जोडलेले नसत. जेवायला जायचं तर एका स्टेशनावर उतरून जेवणाच्या डब्यात चढायचं आणि जेवण झालं तरी पुढचं स्टेशन येईपर्यंत तिथेच बसून राहायचं.

हे सगळं वरच्या वर्गाचं. तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशाला फलाटावरचा फेरीवाला, स्टेशनचा नळ आणि घरचा डबा. गांधीजींनी १९१७ साली तिसऱ्या वर्गाच्या प्रवासावर एक छोटी पुस्तिका लिहिली. मुंबई ते मद्रास अशा एका प्रवासाचं त्यात वर्णन आहे. माणसं मेंढरांसारखी कोंबलेली, संडासाला पाणी नाही, आणि फलाटावर मिळणारं खाणं-पिणं तोंडात घालवणार नाही इतकं घाण. तेव्हा घरून डबा नेणं ही नुसती धर्माची गोष्ट नव्हती. पोट सांभाळायचं तर दुसरा उपाय नव्हता, मग तुम्ही जैन असा की नसा.

पण पाण्याचं काय? डबा घरून नेता येतो, पाणी किती नेणार?

इथे मला एक गोष्ट कळली, जी इतकी वर्षं ठाऊक नव्हती याची लाज वाटली. इंग्रजांच्या काळात देशभर स्टेशनांवर पाणी दोन प्रकारचं असे. 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी'. वेगळे माठ, वेगळे पाणी देणारे. हिंदूंना पाणी पाजायला ब्राह्मण पाणके ठेवलेले असत, म्हणजे कोणालाच हरकत नको. खाण्याच्या जागाही तशाच, हिंदूंची वेगळी, मुसलमानांची वेगळी. आणि या दोन माठांत न बसणाऱ्या, गावातही पाण्याला हात लावू न दिलेल्या माणसाने स्टेशनवर काय करायचं, याचं उत्तर त्या पाटीवर नसे. स्वातंत्र्याच्या सुमारास या पाट्या गेल्या आणि खाण्याच्या जागांवर शाकाहारी-मांसाहारी अशी विभागणी आली.

डब्यांचे वर्ग मात्र रेल्वेने भाड्याप्रमाणे केले. ज्याच्याकडे तिकीट तो बसणार. त्यामुळे ज्यांच्या सावल्यासुद्धा गावात एकमेकींवर पडू देत नसत अशी माणसं एका बाकावर मांडीला मांडी लावून बसायला लागली. बसायला हरकत नाही, पण पाणी घ्यायचं नाही! आपल्या लोकांनी हा तोडगा फार लवकर काढला.

पुण्याचंच बघा. १४ ऑक्टोबर १८९० ला पंच हौद मिशनमध्ये एक व्याख्यान झालं. नंतर पाहुण्यांना चहा-बिस्किटं दिली. हजर असलेल्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. गोपाळराव जोशींनी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंच्या यजमानांनी, हजर असलेल्यांची नावं छापवून आणली आणि पुण्यात असं वादळ उठलं की प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, आणि शेवटी टिळक-रानड्यांनाही प्रायश्चित्ताच्या भानगडीतून जावं लागलं. मिशनऱ्यांचा एक कप चहा! तेव्हा पुण्याला रेल्वे येऊन बत्तीस वर्षं झाली होती. हीच मंडळी गाडीत कोणाशेजारी बसून मुंबईला जात, हे कोणी विचारत नव्हतं.

आपण जैन म्हणतो, आमचं वेगळं. आमचा नियम जीवदयेचा, जातीचा नाही. मीही हेच म्हणत आले. पाणी गाळून घ्यायचं ते त्यातल्या सूक्ष्म जीवांसाठी. गाळलेलं पाणी दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटं चालतं. लवंग घालून सहा तास. चांगलं उकळलं तर चोवीस तास. नुसतं गाळून भागत नाही. गाळण्याच्या कापडावर जे राहिलं ती जिवाणी ज्या विहिरीचं पाणी, त्याच विहिरीत परत सोडायची. तीही वरून फेकायची नाही. बादलीच्या बुडाला कडी असायची, दोर असा बांधायचा की बादली पाण्याला टेकल्यावर अलगद उलटी होईल. आजीची ती पितळी बादली माझ्या आईकडे अजून आहे. आता तिच्यात तुळस लावलीय.

तर आजीची गोष्ट.

१९६२ सालचा माघ महिना. आजी, आजोबा (त्यांना सगळे अण्णा म्हणत), माझी आई अकरा वर्षांची, आणि गावातली आणखी दोन घरं शिखरजीला निघाली. मिरजेहून मीटर गेजने पुण्याला यायचं आणि इथे उतरून रुंद रुळांची गाडी पकडायची. रूळ बदलतात म्हणून माणसांनी सामानासकट एका गाडीतून दुसरीत जायचं, ही पुणे स्टेशनची तेव्हाची रोजची धांदल होती. पुढे मिरजेचा मार्ग रुंद झाला आणि ती संपली. आईला आठवतं ते भलंमोठं पोर्च आणि आतली उंच छताची गार जागा. ही इमारत २७ जुलै १९२५ ला गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उघडलेली. म्हणजे २०२५ साली तिला शंभर पुरी झाली. मी त्या पोर्चमधून शेकडो वेळा गेले असेन, वर मान करून एकदाही बघितलं नव्हतं.

मिरजेला उकळलेलं पाणी पुण्यात संपवायचं, भवानी पेठेत नातेवाइकांच्या वाड्यात मुक्काम, तिथल्या विहिरीचं पाणी गाळायचं, जिवाणी तिथेच सोडायची, पाणी उकळायचं, दोन मोठ्या पितळी कासंड्यांत भरायचं आणि पुढे निघायचं. असा आजीचा हिशेब. पुण्यातल्या मुक्कामात पुऱ्याही नव्याने तळल्या. पुण्याहून कल्याण, कल्याणला रात्रीची कलकत्ता मेल, तीच पुढे गयेवरून पारसनाथला जाते. पुण्यात सकाळी उकळलेलं पाणी दुसऱ्या दिवशी सकाळी बाद झालं. पारसनाथ अजून लांब होतं. वाफेचं इंजिन, त्यात गाडीला उशीर.

मध्य प्रदेशातल्या एका मोठ्या स्टेशनवर अण्णा उतरले. एका चहावाल्याला त्यांनी सांगितलं, नुसतं पाणी हवंय, गाळून, खळखळ उकळून. तो भला माणूस होता. त्याने अण्णांनी दिलेल्या स्वच्छ कापडातून पाणी गाळलं, त्यांच्यासमोर उकळी आणली आणि किटली घेऊन स्वतः खिडकीशी आला. आजी म्हणाली, "नको."

त्या दिवशी आजी निर्जळ राहिली. संध्याकाळनंतर तर प्रश्नच नव्हता, चौविहार होता. दुसऱ्या दिवशी धर्मशाळेत पोचून, स्नान करून, पाणी गाळून, उकळून, मग तिने घोट घेतला. आमच्या घरात ही गोष्ट आम्ही व्रताची गोष्ट म्हणून ऐकली. आजी किती खंबीर! परीक्षेला बसताना, बाळंतपणात, आजारपणात, जिथे म्हणून धीर धरायचा तिथे आई सांगायची, आजी बघ कशी राहिली.

स्टेशनवरच्या त्या दोन माठांचं वाचलं त्या संध्याकाळी मी आईकडे गेले होते. ती मेथी निवडत होती. मी सहज विचारलं, "आई, पाणी गाळलेलं होतं, उकळलेलं होतं. अण्णांनी डोळ्यांनी बघितलं होतं. मग आजी 'नको' का म्हणाली?"

आईने चार-पाच काड्या निवडल्या. मग म्हणाली, "त्याला पलीकडच्या गाड्यावरून कोणीतरी हाक मारली. नाव ऐकलं, आणि आईने पुढे केलेला हात मागे घेतला."

"आणि अण्णा?"

"अण्णा प्यायले. तिथेच, खिडकीशी उभं राहून. दोन भांडी प्यायले."

"आणि तू?"

"मला फार तहान लागली होती," आई म्हणाली. "मी आईकडे बघितलं, आणि नको म्हटलं."

साठ वर्षं तिने हा तुकडा गोष्टीत घातला नव्हता. मुद्दाम लपवला असंही नाही. व्रताच्या गोष्टीत तो बसत नव्हता, एवढंच.

तेव्हापासून मी हे मनात उलटसुलट करते आहे. आजीला मी वाईट म्हणू शकत नाही. दुपारच्या उन्हात विहिरीवर परत जाऊन कापडावरचे न दिसणारे जीव पाण्यात सोडून येणारी बाई होती ती. १९६२ सालच्या खेड्यातली. तिला कोणी दुसरं शिकवलं नव्हतं. पण हेही खरं की त्या दिवशी तिने पाळला तो पाण्याचा नियम नव्हता. पाण्याचा नियम अण्णांनी पाळला. न दिसणाऱ्या जीवासाठी जी इतकं करायची तिला किटली घेऊन समोर उभा राहिलेला जीव दिसला नाही. आणि आपण सगळ्यांनी त्याला खंबीरपणा म्हटलं.

माझ्या सासऱ्यांची तऱ्हा वेगळी होती. त्यांची नोकरी मुंबईत, घर पुण्यात, पास डेक्कन क्वीनचा. ही गाडी १ जून १९३० ला सुरू झाली. घोड्यांच्या शर्यतींना येणाऱ्या मुंबईच्या बड्या लोकांसाठी असं म्हणतात. सुरुवातीला फक्त शनिवार-रविवारी धावायची. सात-सात डब्यांच्या दोन गाड्या होत्या, एक रुपेरी रंगाची लाल पट्ट्यांची, दुसरी निळी सोनेरी रेघांची. डब्यांचे सांगाडे इंग्लंडहून आलेले, वरचं काम माटुंग्याच्या कारखान्यातलं. आत फक्त पहिला आणि दुसरा वर्ग. तिसरा वर्ग १९५५ साली आला आणि मग ती खऱ्या अर्थाने पुणेकर नोकरदारांची गाडी झाली. तिचा वाढदिवस दर १ जूनला पुणे स्टेशनवर केक कापून होतो, हे तुम्ही वर्तमानपत्रात बघितलं असेलच. त्या वेळी 'देशातली पहिली डायनिंग कार' असंही छापून येतं. पंजाब लिमिटेडचं वर सांगितलंच, तेव्हा 'पहिली' हे काही खरं नाही. तिची मोठी गोष्ट वेगळी आहे. बाकीच्या गाड्यांतून जेवणाचे डबे गेले, त्यांच्या जागी पँट्री आली, जेवण ताटलीत भरून जागेवर यायला लागलं. डेक्कन क्वीनने टेबल-खुर्ची सोडली नाही. जुन्या डब्यात ३२ माणसं बसायची. २०२२ च्या जूनमध्ये गाडीला नवे डबे आले, तेव्हाही डायनिंग कार राहिली.

परतीची गाडी मुंबईहून संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी सुटते. आता सासऱ्यांची अडचण बघा. ते सूर्यास्ताच्या दोन घटका आधी जेवण आटोपणारे. जूनमध्ये सूर्य सव्वासातला मावळतो, तेव्हा गाडीत बसून, कल्याण सोडल्यावर निवांत डबा उघडता यायचा. पण डिसेंबरात मुंबईचा सूर्यास्त सहाला. त्यातून ४८ मिनिटं वजा करा. पाच वाजून बारा मिनिटं. म्हणजे गाडी हलली की दोन मिनिटांत तोंड बंद. म्हणून थंडीच्या दिवसांत ते ऑफिसातून थोडं लवकर निघून फलाटावरच्या बाकावर बसून जेवायचे. फलाटावरचे हमाल त्यांना ओळखायचे. सासूबाई भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी द्यायच्या, आणि चटणी जरा जास्तच द्यायच्या, कारण शेजारी जो बसेल त्याला ते विचारल्याशिवाय राहायचे नाहीत. कोण, कुठला, हे त्यांनी कधी विचारलं नसावं. चटणी आवडली का, एवढं विचारायचे.

आणि जेवून झाल्यावर डायनिंग कारमध्ये जाऊन बसायचे! तोंडात पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, पण चौघांच्या टेबलावर मित्रांबरोबर घाट संपेपर्यंत बसायचं. मित्र ऑम्लेट खायचे, चीज टोस्ट खायचे, हे समोर रिकामे. लग्नानंतर एकदा मला आणि यांना घेऊन गेले होते. समोर दोन अनोळखी माणसं बसलेली, त्यांच्या ताटलीत काय होतं ते मी बघायचं टाळत होते. अंगाचं मुटकुळं करून बसले होते मी. सासऱ्यांना ते दिसलं असावं. समोरच्या गृहस्थांना त्यांनी मिठाची बाटली स्वतः पुढे सरकवली आणि मला म्हणाले, "आपलं तोंड आपल्या ताब्यात असलं की झालं. टेबल सगळ्यांचं आहे." तेव्हा मला ते थोडं सैल वाटलं होतं, खरं सांगते.

आता गोष्टी सोप्या झाल्यात. फोनवरून जेवण मागवताना जैन जेवण असा पर्याय दिसतो. बाटलीबंद 'रेल नीर' २००३ पासून आहे. बाटलीतलं पाणी गाळलेलं धरायचं का, त्याची मर्यादा कधीपासून मोजायची, यावर आमच्या स्वाध्याय मंडळात दोन तट आहेत आणि मी त्यात पडत नाही. एक मात्र कळकळीने सांगते. यात्रेच्या गाडीत स्वतः शेगडी लावून ताजं करायचा मोह धरू नका. ऑगस्ट २०२३ मध्ये मदुराईला यात्रेकरूंच्या डब्यात चोरून नेलेल्या गॅस सिलिंडरमुळे आग लागली आणि नऊ जण गेले. ते सगळे देवदर्शनाला निघालेले होते.

तर भाचीला मी दुसऱ्या दिवशी फोन केला. डबा असा सांगितला. पहिल्या दिवसासाठी तुपाचं मोहन घातलेल्या घट्ट पुऱ्या आणि कोरडी मूगडाळ. पाण्याचा हात लागलेलं तळण आमच्याकडे चोवीस तास चालतं, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत. त्यानंतर पाणी न लागलेलं सगळं. तुपात भाजलेल्या कणकेचे पिठीसाखरेचे लाडू, लाह्या, डाळं, बदाम. थंडी आहे, पिठाची मर्यादा सात दिवस, तेव्हा निघण्याच्या आदल्या दिवशी दळलेलं पुरे. पाणी घरून उकळून स्टीलच्या दोन मोठ्या बाटल्यांत.

"आणि ते चोवीस तासांनी संपलं की, मावशी?"

पँट्रीतल्या माणसाला सांग, म्हटलं. आपलं कापड दे, गाळून उकळून दे म्हणावं. नाव विचारायचंच असेल तर आभार मानायला विचार.

"सासूबाईंना चालेल?"

मी म्हटलं, त्यांना आजीची गोष्ट सांग. पूर्ण सांग, अण्णांसकट.

गुरुवारी रात्रीची गाडी आहे. पुऱ्या ती करणार, लाडू माझ्याकडे. बुधवारी दळण आणायला हवं.